अनन्य भक्तीची खरी कसोटी

बायबलांतील दहा आज्ञांचा आरंभच असा आहे कीं, एका ईश्वराखेरीज दुसऱ्या कोणासही देव मानूं नये व मूर्ति घडवून तिला वंदन करूं नये. ह्या आज्ञेचें नांव निघालें म्हणजे आपल्यापैकीं पुष्कळांस वाटतें कीं, हा आमच्या देव्हाऱ्यावर परधर्मीयांचा हल्ला होय. उलटपक्षीं, दगडापुढें मस्तक नमविलें नाहीं म्हणजे आज्ञा पाळली गेली, असें मानणारे ख्रिस्तीही असतात. आमच्या मतें दोघांचीही समजूत अपुरी आहे.

मूळ कथाच पाहावी. मोशे पर्वतावर असतां इस्राएल लोकांनीं सोन्याचें वासरूं पूजिलें, तें कोणा परक्यानें आणून दिलेलें नव्हतें. घरच्याच बायकामुलांच्या कानांतील कुंडलें काढून त्यांनीं तें घडवून घेतलें. अदृश्य ईश्वराची वाट पाहण्याचा धीर सुटला, हेंच त्याचें कारण. पुढें हिज्कीया राजानें तर खुद्द मोशेनें केलेला पितळेचा सर्प फोडून टाकिला. कारण लोक त्यापुढें धूप जाळूं लागले होते. जी वस्तु एके काळीं प्राण वाचविण्याचें साधन होती, तीच कालांतरानें देवाच्या जागीं बसली. मूर्ति होते ती अशी!

आमोस संदेष्ट्याचा रोष तर आमच्या व्यापारी वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. त्याच्या काळचे लोक सण पाळीत, गीतें गात, यज्ञ करीत. परंतु विश्रांतीचा पवित्र वार केव्हां सरतो आणि लहान माप व खोटा तराजू घेऊन धान्य विकावयास केव्हां बसतों, इकडे त्यांचें सारें चित्त. असले सण ईश्वरास नकोत, असें त्यानें बजाविलें. ईश्वर आणि धन ह्या दोन धन्यांची चाकरी एकास करितां येत नाहीं, असें येशूनेंही सांगितलें; आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत लोभालाच मूर्तिपूजा म्हटलें आहे.

हा विचार वऱ्हाडास परका आहे काय? मुळींच नाहीं. तेराव्या शतकांत अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर हें श्रीगोविंदप्रभूंचें स्थान होतें. त्यांस गुरु मानणाऱ्या श्रीचक्रधरांनीं, देवता देतील तें फळ नाशिवंत आहे, म्हणून एका परमेश्वरासच शरण जावें, असा उपदेश मराठींत केला. अवतार मानणारा महानुभाव पंथ आणि बायबल ह्यांत भेद मोठा आहे, तो आम्ही झांकीत नाहीं. परंतु 'अनन्य' ह्या शब्दाची मागणी दोहोंकडे सारखीच कडक आहे.

त्याच जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं गांवोगांव हातीं झाडू घेतला आणि कीर्तनांतून हीच कडक गोष्ट सोप्या बोलींत सांगितली. नवसाकरितां बोकड कापूं नका, ऋण काढून सण व तीर्थ करूं नका, भुकेल्यास अन्न द्या, मुलांस शिकवा, असें ते सांगत. आपण कोणाचे गुरु नाहीं व आपला कोणी शिष्य नाहीं, असेंही ते निक्षून म्हणत. १९५६ सालीं ते गेले. आज अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे, हें योग्यच. परंतु त्यांच्या तसबिरीस हार घालावा आणि तिच्याच खालीं बसून शेतकऱ्याच्या कापसाचें वजन मारावें, तर ती तसबीर म्हणजे दुसरा पितळेचा सर्पच नव्हे काय?

कोणीं आपला देव्हारा मोडावा, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशीं. आमचें मागणें एवढेंच आहे कीं, अमरावतीच्या अथवा अकोल्याच्या बाजारांत शेतकऱ्याची गाडी काट्यावर उभी राहील, तेव्हां प्रत्येकानें स्वतःस एक प्रश्न विचारावा. सत्य आणि नफा ह्यांची गांठ पडली असतां आपण हुकूम कोणाचा पाळतों? ज्याचा पाळतों तोच आपला देव. मग देव्हाऱ्यांत कोणीही असो, वा कोणीही नसो.