एकच साचा, तरी चार स्वभाव

अमेरिकेतल्या एखाद्या डिस्क गोल्फच्या दुकानात गेलात, तर एकाच नावाच्या चार डिस्क शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतील. नाव तेच, माप तेच, कितीतरी वेळा वर छापलेले आकडेही तेच. पण एकीची किंमत साधारण दहा डॉलर आणि दुसरीची अठरा-वीस. नवखा माणूस गोंधळतो आणि आपल्या नेहमीच्या हिशेबाने महागडी उचलतो. महाग म्हणजे चांगली, नाही का?

या खेळात हा हिशेब नेहमी बरोबर येत नाही. का, तेच आज पाहूया.

आधी खेळाची ओळख

डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त काठी आणि चेंडूऐवजी हातात प्लास्टिकची डिस्क. ठरलेल्या जागेवरून फेकायची आणि साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये कमीत कमी फेकींत पोहोचवायची. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह इथे पहिलं कायमस्वरूपी मैदान झालं. ते उभारणारे एड हेड्रिक यांना या खेळाचे जनक मानतात. साखळ्यांची बास्केटही त्यांचीच आणि १९७६ साली खेळाडूंची संघटना, म्हणजे पीडीजीए, स्थापन झाली तीही त्यांच्यामुळेच. २००२ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. प्लास्टिकवर एवढं प्रेम असलेला हा खेळ आहे!

डिस्कचे ढोबळ प्रकार तीन. लांब फेकायची ड्रायव्हर, बास्केटजवळ वापरायची पटर आणि या दोघींच्या मधली मिडरेंज. शिकणाऱ्याने सुरुवात मिडरेंजने करावी असं जुने खेळाडू सांगतात, कारण ती फार जोर न लावताही सरळ जाते. मिशिगनच्या डिस्क्राफ्ट कंपनीची ‘बझ’ आणि इनोव्हाची ‘रॉक’ ही यातली दोन प्रसिद्ध नावं. बझ २००३ पासून मिळते, रॉक तर त्याहून बरीच जुनी.

आकडे तेच, मग फरक कुठे?

बझचे आकडे आहेत ५, ४, उणे १ आणि १. पहिला आकडा वेगाचा, दुसरा हवेत तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या वळण्याचा आणि चौथा शेवटी उलट बाजूला झुकण्याचा. बझ कुठल्याही प्लास्टिकची घेतली तरी आकडे हेच. पण हे आकडे साच्याचे आहेत, प्लास्टिकचे नाहीत.

गरम, वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरतात आणि थंड करतात. थंड होताना प्रत्येक प्लास्टिक वेगवेगळं आकसतं. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन डिस्कपैकी एकीचा माथा किंचित फुगीर, तर दुसरीचा सपाट असतो. कडेची उंचीही जराशी बदलते. फरक केसाएवढा, पण हवेत तो दिसतो.

चार प्लास्टिकं, चार स्पर्श

नेमकं मिश्रण कंपन्या सांगत नाहीत, पण हाताला ते कळतं.

*साधं प्लास्टिक.* इनोव्हाचं डीएक्स, डिस्क्राफ्टचं प्रो-डी. सगळ्यांत स्वस्त. हाताला थोडं कोरडं, खरखरीत, म्हणून पकड छान बसते. पण झाडावर दोनदा आपटलं की कडेला खाचा पडतात.

*पारदर्शक, कडक प्लास्टिक.* इनोव्हाचं चॅम्पियन, डिस्क्राफ्टचं झेड. काचेच्या बांगडीसारखं चकचकीत आणि गुळगुळीत. झाडं, दगड, डांबर, सगळं सोसतं. हात ओला किंवा घामट असेल तर मात्र निसटतं.

*अपारदर्शक, दर्जेदार प्लास्टिक.* स्टार किंवा ईएसपी. टिकायला जवळपास तेवढंच, पण स्पर्शाला मऊसर आणि पकडीला बरं. बऱ्याच खेळाडूंची पहिली पसंती हीच.

*लवचिक प्लास्टिक.* जीस्टारसारखं. बोटांनी दाबलं तर वाकतं. थंडीत बाकीची प्लास्टिकं कडक होतात, तेव्हा याची किंमत कळते. मिशिगन किंवा फिनलंडमध्ये बर्फातही खेळणारे लोक आहेत, त्यांना विचारा!

मुरलेली डिस्क

आता खरी गंमत. साधं प्लास्टिक लवकर झिजतं, हा त्याचा दोष वाटतो. पण जुने खेळाडू त्याचाच उपयोग करून घेतात.

नवी डीएक्स रॉक शेवटी ठामपणे डावीकडे झुकते (उजव्या हाताने, बॅकहँड फेकली तर). काही महिने आपटून आपटून तिची कड मऊ झाली की ती सरळ जाऊ लागते. आणखी जुनी झाली की उजवीकडे वळायला लागते. म्हणून काही जण एकाच रॉकच्या तीन पिढ्या पिशवीत बाळगतात: एक नवी, एक मुरलेली आणि एक म्हातारी. साचा एकच, कामं तीन.

आपल्याकडे बिडाच्या तव्याचं जे होतं, तेच. पहिल्या दिवशी डोसा चिकटतो आणि वर्षभराने तोच तवा घरातला सगळ्यांत लाडका होतो. महागडी डिस्क मात्र वर्षभराने जवळपास तशीच राहते. ज्याची फेक पक्की बसली आहे त्याला हा भरवसा हवाच असतो.

आणि हो, घरी पॉलिश पेपर घासून डिस्क लवकर मुरवायची नाही बरं का. खरचटलेला भाग थोडा साफ करायला परवानगी आहे, पण उड्डाण बदलण्यासाठी घासणं पीडीजीएच्या नियमांत बसत नाही. डिस्कने खेळूनच म्हातारं व्हायचं.

हात कोणाचा, हेही बघा

माझे एक काका दर उन्हाळ्यात मुलाकडे मिशिगनला जातात. वय अडुसष्ट, बोटांचे सांधे आखडलेले. मुलगा आणि सून कामावर गेले की दिवस खायला उठतो. घराजवळच्या पार्कमध्ये डिस्क गोल्फचं मैदान होतं, पैसे पडत नव्हते. मुलाने कौतुकाने चांगली महागडी, पारदर्शक डिस्क आणून दिली. काकांनी चार दिवस फेकली आणि म्हणाले, “अरे, ही हातात थांबतच नाही रे. माझं वय नाही आता याचं.”

प्रश्न वयाचा नव्हता, पकडीचा होता. आखडलेली बोटं गुळगुळीत कडेवर घट्ट मिटत नव्हती. त्याच साच्यातली साध्या प्लास्टिकची, वजनाला हलकी डिस्क हातात आली आणि काका पुन्हा सकाळी पार्कमध्ये जाऊ लागले. आता तिथे त्यांची तीन-चार माणसांशी ओळख झाली आहे. फोनवर तब्येतीची चौकशी केली तर आधी स्कोअर सांगतात.

लहान मुलांचंही असंच. छोट्या हाताला जड आणि कडक डिस्क दिली, ती दहा पावलांवर पडली, की मूल म्हणतं “मला जमत नाही” आणि खेळ संपतो. चूक मुलाची नसते.

घेताना काय पाहाल?

- डिस्क नुसती बघू नका, हातात धरा. अंगठा वर, बोटं कडेच्या आत. फेकल्यासारखा हात हलवा. बोटं सरकतात का?
- वजन बघा. बझ जास्तीत जास्त १८० ग्रॅमपर्यंत असते. मुलांना आणि ज्येष्ठांना हलकी घ्या.
- मैदानात तळं असेल तर नवीन, महागडी डिस्क तिथे फेकू नका. बहुतेक मिडरेंज पाण्यात बुडतात.
- मैदान दगडधोंड्यांचं आणि दाट झाडांचं असेल तर टिकाऊ प्लास्टिकचे पैसे वसूल होतात.
- सोबत एक छोटा टॉवेल ठेवा. घाम आणि दव पुसलं की अर्ध्या तक्रारी मिटतात.

आणि जमलं तर एकाच साच्यातल्या दोन घ्या, एक स्वस्त आणि एक टिकाऊ. दोन्ही दहा-दहा वेळा फेका. घरातले दोघं-तिघं असाल तर आळीपाळीने फेका. एकाच घरात प्रत्येकाची आवडती वेगळी निघाली, तर अजिबात आश्चर्य वाटून घेऊ नका.