लिव्हरची गाठ दिसते एक, आत असते गर्दी

"गोळ्या लागू पडल्या होत्या ना, मग गाठ परत वाढलीच कशी? डॉक्टरांनी फसवलं." लिव्हरच्या कॅन्सरबद्दल हे वाक्य कासार आंबोलीपासून पौडपर्यंत मी बऱ्याचदा ऐकलंय. पुढचं पाऊलही ठरलेलं. उपचार बंद, आणि कुणीतरी सांगितलेली पुडी चालू. म्हणून हे लिहितोय.

मंडळी, सोनोग्राफीत गाठ एक दिसते, पण आतल्या पेशी एकसारख्या नसतात. सुरुवात होते एका बिघडलेल्या पेशीपासून. एकीच्या दोन होताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या पुढच्या पिढीत उतरतात, वर नव्यांची भर पडते. २०१५ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी एका रुग्णाची साडेतीन सेंटिमीटरची, म्हणजे लिंबाएवढी गाठ घेतली आणि तिचे जवळपास ३०० नमुने काढले. त्यांचा अंदाज काय निघाला? त्या एका गाठीत १० कोटींहून जास्त जनुकीय बदल!

आता आपल्या खाचरातलं बघा. दरवर्षी एकच तणनाशक मारलं की बहुतेक तण मरतं. पण ज्या चार काड्यांना ते बाधत नाही त्यांचंच बी पडतं आणि काही वर्षांत रानभर तेच उगवतं. तणनाशक खोटं नव्हतं. गाठीतही तेच होतं. औषधाला न जुमानणाऱ्या थोड्या पेशी बहुधा आधीपासूनच असतात, बाकीच्या मेल्या की त्यांना रान मोकळं. यात फसवणूक कुठं आली?

मग उपचारच करू नयेत का? अजिबात तसं नाही. गाठ लहान असताना सापडली तर ती कापून किंवा जाळून काढता येते, काहींना लिव्हर बदलता येतं. तेव्हा सगळी गर्दी एकदम बाहेर जाते. उशीर झाला की गर्दीही वाढते, वाणही वाढतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ही लढाई मोठ्या हॉस्पिटलात नंतर, गावात आधी लढायची. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, शुगरसोबतचं फॅटी लिव्हर, बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका ही या कॅन्सरची ओळखीची कारणं. यातली बरीच आपल्या हातात आहेत. पण आपल्याकडं शिबिर म्हटलं की बीपी, शुगर आणि चष्मे, एवढंच!

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन मागण्या करूया:

१) हिपॅटायटिस बी, सीची तपासणी गावात व्हावी. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बीची लस देशभर २०११ पासून मिळू लागली, त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना ती मिळालेलीच नाही.

२) प्रत्येक बाळाला २४ तासांत बीचा पहिला डोस मिळावा. यात कातकरी वस्ती आणि बांधकामावरच्या मजुरांची बाळंही आली.

३) ज्यांना लिव्हर सिरॉसिस आहे त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी तालुक्यातच व्हावी.

रस्ता-गटारासाठी आपण आवाज चढवतोच. यंदा लिव्हरसाठीही चढवा. पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका, नाही पटलं तर खाली बोला.