बकरे पाळले असतील, तर तसंच लिहा

आपल्या घरातल्या मुलांना धंदा कळतो. पण ‘मी धंदा केला’ असं लिहायची वेळ आली की त्यांची लेखणी अडखळते. मी काही वर्षांपासून आमच्या भागातल्या बारावीच्या मुलामुलींचे कॉलेजप्रवेशाचे अर्ज तपासून देते. त्यात दोन प्रकार ठरलेले. एका अर्जात धंद्याचा उल्लेखच नसतो. मुलगा चार वर्षं संध्याकाळी दुकानावर बसलेला असतो आणि लिहितो, ‘आवड : वाचन, क्रिकेट’. दुसऱ्या अर्जात सतरा वर्षांचा पोरगा एकदम ‘संस्थापक आणि सीईओ’ झालेला असतो. मला दोन्ही पटत नाहीत, पण पहिल्याचा राग जास्त येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रवेशांत तुमच्या धंद्याला शून्य किंमत आहे. इंजिनिअरिंगला सीईटी किंवा जेईई. २०२४ पासून बीबीए-बीएमएसलाही सीईटी. तिथे गुण बोलतात, बाकी कोणी विचारत नाही. पण इंदूरच्या आयआयएममध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याला मुलाखत असते. अझीम प्रेमजी विद्यापीठात मुलाखत होते, अशोका विद्यापीठ निबंध मागतं. आणि अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांना एकच ‘कॉमन अ‍ॅप’ अर्ज चालतो. त्यात ६५० शब्दांपर्यंतचा निबंध आणि जास्तीत जास्त दहा उपक्रमांची यादी असते. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं. आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे, हेही भरावं लागतं. त्या यादीत ‘पगारी काम’ आणि ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असे वेगळे रकाने आहेत, हे आपल्या मुलांना कोणी सांगतच नाही. हार्वर्डच्या शिक्षणशाखेतल्या एका प्रकल्पाने २०१६ मध्ये ‘टर्निंग द टाइड’ नावाचा अहवाल काढला. त्याचं म्हणणंच हे होतं, की भावंडं सांभाळणं आणि घरासाठी कमावणं यालाही प्रवेशात मान द्या.

म्हणजे रकाना आहे. भरणारा लाजतो.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं उदाहरण घ्या. त्याने बकरी ईदच्या सहा महिने आधी खालाकडून ६३,००० रुपये उसने घेतले आणि ७,००० च्या भावाने नऊ बकरे आणले. चारा-भरड्यावर २२,००० गेले. लसी, औषधं आणि बाजाराच्या टेम्पोवर ३,०००. एका रात्री दावं सुटलं, एका बकऱ्याने मक्यावर ताव मारला, पोट फुगलं आणि सकाळी तो गेला. उरलेले आठ सरासरी १४,५०० ला विकले. एकूण विक्री १,१६,०००, खर्च ८८,०००, नफा २८,०००. बकरा दोन दाती झालाय का हे ईदच्या तारखेशी जुळवून खरेदी करणं, आंत्रविषाराची लस वेळेवर टोचून घेणं, शेवटच्या दोन दिवसांत भाव पडेल की चढेल याचा अंदाज बांधणं, हे सगळं त्याने केलं. आणि अर्जात लिहिलं होतं, ‘प्राण्यांची आवड’!

मी त्याला तास मोजायला लावले. रोज दोन, म्हणजे आठवड्याला चौदा, असे सव्वीस आठवडे : ३६४ तास. नफ्याला भागलं तर तासाला सुमारे ७७ रुपये पडतात. तो हसला, म्हणाला, ‘मॅडम, हमालीत जास्त मिळाले असते.’ मग जरा वेळाने आठवलं, की दुपारी तो कॉलेजात असायचा तेव्हा चारा-पाणी अम्मीच करायची. तिचे तास धरले तर ७७ चेही कमी होतात. माझ्या मते निबंध इथे सुरू होतो, नफ्याच्या आकड्यापाशी नाही. स्वतःच्या धंद्यात कुणाची मेहनत फुकट धरली गेली हे सतराव्या वर्षी कळलेला मुलगा कुठल्याही वर्गात हवाच असतो.

आम्ही लिहिलेली ओळ साधारण अशी होती : ‘ईदपूर्वी सहा महिने नऊ बकरे पाळले, चारा, लसी, हिशेब सांभाळला, एक मेला, आठ विकले, नफ्यातून बहिणीची फी भरली.’ इंग्रजीतही ती १५० अक्षरांत बसली.

पण त्याची खरी अडचण वेगळीच निघाली. ‘ईद’ हा शब्द काढू का? ‘पशुधन व्यवसाय’ लिहिलं तर चालेल ना? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्या मुलांनी टीव्हीवर काय पाहिलंय, सोसायटीत ईदच्या आठवड्यात काय ऐकलंय, ते मला माहीत आहे. पूर्वग्रह असलेला परीक्षक भेटणारच नाही, अशी खात्री मी देऊ शकत नाही. तरी माझं मत ठाम आहे : शब्द ठेवा. ईद काढली तर धंद्याचं गणितच कोसळतं. सहाच महिने का पाळले, दोन दाती का पाहिले, भाव एका ठरावीक दिवशी शून्यावर का येतो, यातलं काहीच वाचणाऱ्याला कळणार नाही. आणि नाव तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत आहे. ते कुठे लपवणार?

मुलींच्या बाबतीत लपवाछपवी घरातूनच सुरू होते. मेंदी काढणारी एक मुलगी लग्नसराईत आठवड्याला चार-पाच ऑर्डर घेत होती. इन्स्टाग्रामचं खातं भावाच्या नावावर, पैसे भावाच्या यूपीआयवर, गिऱ्हाइकांचे फोनही भावालाच. अर्जात तिने लिहिलं, ‘भावाच्या व्यवसायात मदत’. भावाला मेंदीचा कोन धरता येत नव्हता! कोन ती भरायची, डिझाइन तिचं, नवरीच्या हाताला किती वेळ लागेल त्यावर दर ठरवायचीही तीच. खातं कुणाच्या नावावर असावं, हा त्या घराचा वाद त्या घराने सोडवावा. पण अर्ज तिचा आहे आणि त्यात काम तिच्याच नावाने यायला हवं, यावर मी अडून बसले. अब्बांना वहीतला हिशेब दाखवला तेव्हा ते बराच वेळ पानं उलटत राहिले. बोलले काहीच नाहीत, पण अर्ज तसाच गेला.

आता सीईओंकडे वळू. मोठ्या शहरांतले काही सल्लागार भरपूर पैसे घेऊन मुलांना ‘स्टार्टअप’ काढून देतात : लोगो, वेबसाइट, तीन मित्र ‘संचालक’. आपली मुलं ते पाहून नक्कल करतात. भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती करार करू शकत नाही. म्हणून दुकानाची नोंदणी बहुधा अब्बांच्या किंवा अम्मीच्या नावाने असते, आणि त्यात काही कमीपणा नाही. ‘नोंदणी आईच्या नावावर, खरेदी-विक्री मी पाहतो’ ही ओळ कुठल्याही सीईओपेक्षा वजनदार आहे. दुसरं, उलाढाल आणि नफा एकमेकांत मिसळू नका. १,१६,००० ही त्या मुलाची कमाई नव्हती. अमेरिकेत आर्थिक मदत मागणारे बरेचजण ‘सीएसएस प्रोफाइल’ भरतात, त्यात घरच्या धंद्याचं उत्पन्न विचारलेलं असतं. एका अर्जात लाखोंची कंपनी आणि दुसऱ्यात तंगी, असं झालं की दोन्हींवरचा विश्वास उडतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांसारखी मोजकी ठिकाणंच परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदतीची मागणीही निर्णयात मोजली जाते, हे ध्यानात ठेवून यादी करा.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमानांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त असल्याचं नोंदवलं होतं. आपण ते नेहमी गाऱ्हाणं म्हणून वाचतो, नोकऱ्या मिळत नाहीत म्हणून. गाऱ्हाणं खरंच आहे. पण त्याच घरांतली मुलं दहाव्या वर्षी सुटे पैसे मोजतात आणि पंधराव्या वर्षी उधारी वसूल करतात, त्याची नोंद कोण ठेवतंय?

यंदा अकरावीत असाल तर एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, खरेदी, विक्री, तास, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी कोणी मदत केली त्याचं नाव. मुलाखतीत आकडे विचारले तर घोकलेली उत्तरं लागणार नाहीत. तुमचं काम माहीत असलेल्या एखाद्या शिक्षकांना ती वही आत्ताच दाखवून ठेवा, कारण शिफारसपत्र त्यांनाच लिहायचंय. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांची शेवटची तारीख १ जानेवारीच्या आसपास असते, आणि डिसेंबरात शिक्षक तपासणीच्या गठ्ठ्यांत बुडालेले असतात.