ऐकणाऱ्यांना लागणारी झळ

क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. टीएलडी बॅज म्हणतात त्याला. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि त्या माणसाला किती किरणोत्सार लागला याची नोंद होते. प्रमाण जास्त आढळलं तर चौकशी होते. त्या तंत्रज्ञाला कोणी नाजूक किंवा कामचुकार म्हणत नाही.

कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकासाठी असा बिल्ला नाही. छोट्याशा खोलीत एकामागून एक जोडपी येतात. मारहाण, संशय, दारू, गहाण पडलेले दागिने आणि मध्ये सात-आठ वर्षांचं मूल, ज्याच्याकडून आई हवी की बाबा हे हळूच काढून घ्यायचं असतं. मग अहवाल लिहायचा, पुढच्या जोडप्याला आत बोलवायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन कुकर लावायचा. न्यायाधीश, वकील, तपासणीसाठी किंवा साक्षीसाठी बोलावलेले डॉक्टर यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

घरच्या भांडणांसाठी वेगळं न्यायालय हवं, हा विचार आपल्याकडे जुना आहे. दुर्गाबाई देशमुख १९५३ मध्ये चीनला गेल्या, तिथली कौटुंबिक न्यायालयं त्यांनी पाहिली आणि परतल्यावर न्या. छगला व न्या. गजेंद्रगडकर यांच्याशी त्याबद्दल बोलल्या. कायदा यायला मात्र १९८४ उजाडलं. त्यात समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य ठरलं, समुपदेशक आले, वैद्यकीय आणि समाजकल्याण तज्ज्ञांची मदत घेण्याची सोय झाली. वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क राहिला नाही. काळ्या कोटाची भिंत मुद्दामच खाली आणली गेली, म्हणून माणसं थेट समोर बसून बोलू लागली. हे योग्यच झालं. पण भिंत उतरली की पलीकडची झळ अलीकडे येते, आणि त्याची तरतूद कोणत्याही कलमात नाही.

वैद्यकशास्त्राला ही झळ परिचयाची आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या रोगनिदान पुस्तिकेने, डीएसएम-५ ने, आघातोत्तर तणावाच्या निकषांत एक गोष्ट स्पष्टपणे घातली : कामाचा भाग म्हणून अत्याचारांचे तपशील वारंवार समोर येणं. बालअत्याचाराचे तपशील पुन्हापुन्हा ऐकावे लागणाऱ्या पोलिसांचं उदाहरण तिथेच दिलं आहे. म्हणजे मार स्वतः खाल्ला नसला तरी त्याचा वळ उठू शकतो.

सगळ्यांनाच आजार होतो असं नाही. पण काहींची झोप उडते, काही जण स्वतःच्या मुलांना अंगणात सोडायला घाबरू लागतात. याहून जास्त दिसणारी आणि जास्त घातक गोष्ट म्हणजे मनाला घट्टा पडणं. ‘या बायका अशाच’, ‘बापाला कुठे मुलाचं पडलेलं असतं’, ‘सगळे पैशासाठीच येतात’ ही वाक्यं तोंडी बसतात. ती बोलणारी माणसं वाईट नसतात, दमलेली असतात. मात्र चाळिसावी कहाणी एकोणचाळिसावीसारखीच ऐकली गेली, तर त्या मुलाने बोललेलं एक वेगळं वाक्य निसटतं. ताबा कोणाकडे जाणार, हे अशा वाक्यावर ठरू शकतं. म्हणून हा प्रश्न केवळ कर्मचारी कल्याणाचा राहत नाही.

यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी काही गोष्टी करून पाहिल्या आहेत. १९५०च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मूळचे हंगेरीचे मायकेल बालिंट यांनी कौटुंबिक डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. एकाने मनातून न जाणाऱ्या रुग्णाबद्दल बोलायचं आणि बाकीच्यांनी औषध न सुचवता, ऐकताना काय वाटलं ते सांगायचं. दुसरा प्रयोग बोस्टनचा. केनेथ श्वार्ट्झ हे तिथले आरोग्य कायद्याचे वकील. चाळिशीत फुफ्फुसाचा कर्करोग झाला आणि १९९५ मध्ये ते गेले. उपचार करणाऱ्यांची माणुसकी टिकावी, ही त्यांची तळमळ होती. त्यातून ‘श्वार्ट्झ राउंड’ जन्मले : महिन्यातून तासभर, डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे एकत्र, विषय एकच, या कामाने आपल्यावर काय परिणाम केला. डॉक्टरांची ही सोय एका वकिलामुळे झाली. आता न्यायालयांनी ती परत घ्यायला हरकत नसावी.

याचा उपयोग होतो का? इंग्लंडमध्ये झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित येणाऱ्यांपैकी मानसिक त्रास असलेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून १२ वर आलं. न येणाऱ्यांत ते ३७ वरून ३४ झालं. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि येणारे मुळातच बऱ्या स्थितीत होते, हे आकड्यांतच दिसतं. त्यामुळे हा ठाम पुरावा नाही. तरीही तासाभराच्या खर्चात एवढं साधत असेल, तर करून पाहण्यासारखं नक्कीच आहे.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. ‘चर्चासत्र’ म्हटलं की दीपप्रज्वलन, सत्कार, पडद्यावरची भाषणं आणि जेवण. ताज्या निकालांची माहिती मिळते, तीही हवीच. पण त्यात कोणी मनातलं बोलत नाही. साहेब पहिल्या रांगेत असताना कोण बोलणार? रुग्णालयांतल्या मृत्यू-परीक्षण बैठकांचंही तसंच. तिथे चूक शोधतात, माणसाचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

न्यायालयाचे अडसरही खरे आहेत. ज्या वकिलाची केस उद्या समोर येणार, त्याच्यापुढे न्यायाधीशांनी मन मोकळं करणं बरोबर नाही. समुपदेशकापुढे बोललेलं गोपनीय असतं. म्हणून न्यायाधीशांचा गट वेगळा, समुपदेशकांचा वेगळा, वकिलांचा वेगळा. फक्त निकाली निघालेली प्रकरणं, नावं-गावं काढून. टिपणं नाहीत, गोपनीय अहवालात उल्लेख नाही. हजेरी ऐच्छिक, पण कामाच्या वेळेतच. रविवारी ठेवलं तर ते आणखी एक काम होतं. ‘तारखा आधीच लांबतायत, त्यात हे’ असा आक्षेप येईल. महिन्याचा एक तास तारखा लांबवत नाही. रिकामी पदं लांबवतात. आणि ती भरायची सोडून असे गट भरवणं ही फसवणूक ठरेल, हेही सांगून ठेवलेलं बरं.

गट चालवायला बाहेरून कोणी मोठा वक्ता नको. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक आहेत, तिथे त्यांच्यातला एक पुरे. दोन कार्यालयांत एका पत्राचं काम आहे. एका जिल्ह्यात सहा महिने करून पाहावं आणि कितीजण दुसऱ्यांदा आले ते मोजावं.