वेष्टनाची शाई व व्यापाऱ्याची साख

धान्याची पारख दाण्यावरून करावी, ही आम्हां घाऊक व्यापाऱ्यांची परंपरा. युरोपात आता वेष्टनही तितक्याच कसोशीने पारखले जाते. २००५ साली इटलीत बालकांच्या दुधात आणि २००९ साली जर्मनीत न्याहारीच्या धान्यपदार्थांत छपाईच्या शाईतील रसायने उतरलेली आढळली. माल शुद्ध होता. दोष बाहेरील रंगाचा होता. छापील कागदाची गुंडाळी केली की बाहेरची शाई आतल्या बाजूस टेकते, हे पूर्वी कोणी फारसे मनावर घेत नसे.

स्वित्झर्लंडने २०१० पासून अशा शाईतील द्रव्यांची यादीच बांधून दिली; २०२१ साली जर्मनीनेही तसा नियम केला. आपल्याकडेही २०१८ च्या नियमांनी वृत्तपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली आहे.

कित्येक व्यापारी बंधू यास जाच म्हणतील. खर्च वाढतो, हे आम्हांसही मान्य आहे. तथापि ग्राहकास पिशवीची शाई तपासता येत नाही. तो आपल्या शब्दावर विसंबतो. म्हणून छापखान्याकडून शाईविषयी लेखी हमी घेतल्याखेरीज कोणीही पिशव्या छापून घेऊ नयेत, आणि एकट्या दुकानदारास न झेपणारी तपासणी संघाने सामुदायिक खर्चाने करवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. साख एकदा गेली की ती कोणत्याही भावाने परत मिळत नाही.