हुगळीच्या काठाकाठाने

थंडीच्या तोंडावर हा अंक तुम्हाला हुगळी नदीवर नेतो. कोलकात्याहून मुर्शिदाबादकडे निघालेल्या लहान जहाजातून डॅनिशांचं श्रीरामपूर, फ्रेंचांचं चंदननगर, डचांचं चुंचुडा संथपणे मागे सरकतं. पुढे काल्ना, तिथली १०८ शिवमंदिरं. आपल्याला ही नदी परकी नाही. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरातच छापलं गेलं. आणि नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची दहशत? ती बंगाली अंगाईत अजून जागी आहे; तिच्यापायीच १७४२ मध्ये कोलकात्यात ‘मराठा खंदक’ खणायला घेतला. ही बाजू आपण फार कमी ऐकतो. म्हणून स्थळांच्या यादीपेक्षा काठावरच्या आठवणींना आम्ही अधिक पानं दिली आहेत. तुम्ही या पाण्यावरून गेला असाल, तर काय दिसलं, काय खुपलं, जरूर कळवा.