बोईसरची कॉफी, डहाणूचा चिकू

पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात चहाची टपरी आणि उडुपी हॉटेल यांच्या जोडीला आता कॉफीची छोटी दुकाने दिसू लागली आहेत. चार-सहा टेबले, काउंटरवर एस्प्रेसोचे यंत्र, काचेच्या कपाटात केक-पेस्ट्री आणि फळ्यावर खडूने लिहिलेली नवनवी पेये, असे त्यांचे साधारण रूप असते. गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचे असते आणि चालत येते.

हे गिऱ्हाईक गेल्या साठ वर्षांत टप्प्याटप्प्याने तयार झाले. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 मध्ये सुरू झाले आणि देशभरातून आलेली कुटुंबे इथल्या वसाहतीत राहू लागली. शेजारच्या औद्योगिक क्षेत्राने बोईसरला तीन पाळ्यांचे गाव केले. 2013 मध्ये उपनगरी लोकल विरारहून पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि कोळगावला जिल्हा मुख्यालय उभे राहिले. नोकरदार, विद्यार्थी, कामासाठी आलेले पक्षकार अशा साऱ्यांना घर आणि कचेरी सोडून तासभर टेकण्याची जागा हवी होती. टपरीवर कटिंग उभ्या-उभ्या संपते आणि उडुपी हॉटेलात गर्दीच्या वेळी बिल लवकर येते. तास-दीड तास बसू देणे हाच कॉफीच्या दुकानाचा खरा धंदा आहे.

कॉफी या भागाला नवी नाही. वसाहतीतल्या दक्षिणी घरांत आणि उडुपी हॉटेलांत चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी फार आधीपासून आहे. नव्या दुकानातली एस्प्रेसो वेगळ्या रीतीने होते. साधारण 18 ग्रॅम बारीक दळलेली पूड चाळणीत दाबून बसवतात. तिच्यातून नव्वद-पंच्याण्णव अंश सेल्सिअसचे पाणी वातावरणाच्या नऊ पट दाबाने 25 ते 30 सेकंद सोडतात आणि जेमतेम दोन मोठे चमचे दाट अर्क मिळतो. पुढची बहुतेक पेये या अर्कावरच उभी राहतात. दूध घातले की कॅपुचिनो किंवा लाटे होते, बर्फावर ओतला की थंड कॉफी. नावीन्य येते ते त्यात आणखी काय पडते यावरून.

इथेच बहुतेक दुकाने आळस करतात. फळ्यावर हेझलनट, कॅरामल, आयरिश क्रीम अशी नावे असतात आणि मागच्या फळीवर त्याच चवींच्या पाकाच्या बाटल्या. बाटलीतला पाक कोणत्याही शहरात सारखाच लागतो. त्यामुळे बोईसरचे पेय आणि बोरिवलीचे पेय यांत फरक उरतो तो फक्त भाड्याचा.

वास्तविक या पट्ट्याच्या परसात चवींची कमतरता नाही. बोईसरच्या पुढे वाणगाव आणि त्यापुढे डहाणू रोड. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, तिथल्या उद्योगांवर निर्बंध आले आणि चिकूच्या वाड्यांना संरक्षण मिळाले. घोलवडला चिकूची लागवड 1898 मध्ये झाल्याची नोंद सांगितली जाते. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. या वाड्या वाढवण्यात इराणी आणि पारशी बागायतदारांचा वाटा मोठा. मुंबईत याच इराणी समाजाने कॅफे चालवले. धोबी तलावाचे कयानी 1904 चे, तर मावा केकसाठी नावाजलेले ग्रँट रोडचे मेरवान 1914 चे. एकाच समाजाने शहरात पेला सांभाळला आणि डहाणूत फळ. या दोहोंची गाठ घालून देण्याची संधी बोईसर-पालघरच्या दुकानदाराला आहे.

चिकू आणि कॉफी यांचे जमते, त्याला कारण आहे. पिकलेल्या चिकूत आंबटपणा फार कमी आणि गोडी गुळासारखी. त्यामुळे दूध फाटत नाही आणि कॉफीचा कडवटपणा त्या गोडीवर टेकतो. मात्र फळाची निवड चुकली तर सगळेच बिघडते. नखाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले आणि चीक आला तर फळ कच्चे आहे. असा चिकू तुरट लागतो, टाळ्याला चिकटतो आणि कितीही साखर घातली तरी ते झाकत नाही. कालीपत्ती जातीचा मऊ चिकू सोलून, आकड्यासारखे टोक असलेल्या बिया काढून त्याचा गर थंड दुधात फिरवतात. तो बर्फावर ओतून वरून ताजी एस्प्रेसो सोडली की खाली तपकिरी-गुलाबी आणि वर काळा असे दोन थर राहतात. वेगळा पाक लागत नाही. पिकलेला चिकू दोन-तीन दिवसांत उतरतो, म्हणून गर गोठवून ठेवणे किंवा वाळवलेल्या चिकूची पूड वापरणे सोयीचे.

प्रत्येक फळ दुधात चालत नाही. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीचे जांभूळ आंबट-तुरट. दुधात त्याचा रंग राखाडी पडतो आणि दूध फाटण्याचीही भीती. तेच जांभूळ सोडा आणि बारा-चौदा तास गार पाण्यात भिजवून काढलेली कॉफी यांच्याबरोबर उत्तम लागते. त्याचा हंगाम पावसाच्या तोंडाशी, थोड्याच आठवड्यांचा. ताडगोळा उन्हाळ्यातला. त्याला स्वतःची चव बेताचीच, पण थंड लिंबू-कॉफीत त्याच्या गराचे तुकडे चावायला मजा आणतात. नीरा मोहक वाटली तरी सूर्य वर चढला की आंबू लागते आणि तिच्या विक्रीला परवाना लागतो. दुकानाला त्यापेक्षा ताडगूळ बरा. जून 2020 मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने डहाणूत नीरा-ताडगुळाचा प्रकल्प हाती घेऊन 200 कारागिरांना प्रशिक्षणानंतर अवजारे दिली होती. ताडगुळाची किंचित धुरकट गोडी फिल्टर कॉफीला विशेष मानवते.

बेकरीच्या कपाटातही हीच निवड करावी लागते. क्रॉसाँच्या कणकेत लोण्याचे थर असतात आणि लोणी 32 ते 35 अंशांना वितळते. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर हवाच तेवढी तापलेली असते, म्हणून वातानुकूलित खोलीशिवाय तो नीट होत नाही. आपली खारी त्याच घराण्यातली, घड्या घालून थर पाडलेली. बेकरीवाले तिच्यात जास्त तापमानाला वितळणारे स्निग्ध वापरतात, म्हणून ती इथल्या उकाड्यात टिकते. वाणगावच्या मिरचीची आणि चीजची खारी, चिकूच्या गराचा मावा केक, वाडा कोलम तांदळाच्या पिठाचा केक हे पदार्थ छोट्या भट्टीतही होऊ शकतात. तांदळाचा रवा, गूळ आणि नारळ यांची रवळी तर उत्तर कोकणातल्या घरांना ठाऊकच आहे. तिचा चौकोनी तुकडा काळ्या कॉफीबरोबर ठेवायला कोणत्याही परदेशी पाककृतीची गरज नाही.

नव्या पेयांआधी दोन गोष्टी मात्र पक्क्या हव्यात. पहिली पाणी. किनाऱ्याजवळच्या कूपनलिकांचे पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त असते. त्याने यंत्रात पुटे चढतात आणि कॉफी बेचव होते. उलट सगळेच क्षार काढून टाकलेल्या पाण्यात अर्क नीट उतरत नाही. लिटरमागे सुमारे 150 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार हे प्रमाण चांगले मानतात. दुसरी वीज. एस्प्रेसोचे यंत्र दोन-तीन किलोवॅट खेचते आणि घरगुती इन्व्हर्टरवर ते चालत नाही. वीज गेली की बंद पडणारे दुकान गिऱ्हाईक टिकवू शकत नाही. स्टीलचा साधा फिल्टर आणि आदल्या रात्री भिजवून ठेवलेली कॉफी यावर अशी वेळ निभावता येते.

शेवटचा मुद्दा दराचा. पाळी सुटलेल्या कामगाराला दहा-पंधरा रुपयांत चहा मिळतो. कॅपुचिनोची किंमत त्याच्या कितीतरी पट असते आणि महाग पेयांवरच विसंबलेल्या दुकानात तो पाऊल टाकत नाही. परवडणारी फिल्टर कॉफी आणि खारी बारा महिने ठेवावी, त्यावर हंगामाप्रमाणे एक-दोन खास पेये चढवावीत: उन्हाळ्यात ताडगोळा, पावसाच्या तोंडाशी जांभूळ, हिवाळ्यात चिकू आणि ताडगूळ. यादी आखूड राहते, माल वाया जात नाही आणि गिऱ्हाइकाला पुन्हा येण्याचे कारण मिळते. पाकाच्या बाटल्यांवर होणारा खर्चही वाचतो आणि तो पैसा डहाणू-वाणगावच्या वाड्यांकडे जातो.